इंजिन बदलायचंय? हॉर्सपॉवर नंतर पाहा, आधी नंबर पाहा

जोराचा पाऊस, सबवेमध्ये गुडघाभर पाणी आणि मधोमध बंद पडलेली गाडी. घाबरलेला मालक दोन-तीनदा स्टार्टर मारतो. एकदा 'टक्' असा आवाज येतो आणि मग काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजमधून फोन येतो, ''साहेब, रॉड वाकलाय, ब्लॉकला भोक पडलंय. इंजिनच बदलावं लागेल.''

पाणी दाबलं जात नाही, एवढं साधं कारण त्यामागे असतं. सिलिंडरमध्ये हवेऐवजी पाणी शिरलं की वर येणारा पिस्टन त्यावर आपटतो आणि सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. पण इंजिन बसायला पाणीच लागतं असं नाही. ऑइल कमी झालं, कूलंट गळत राहिलं, टायमिंग चेनचा आवाज येत असूनही गाडी दामटली, तरी शेवट तोच होतो.

यानंतर मिस्त्री पर्याय सांगू लागतो. ''आहे तेच इंजिन बांधू'', ''सेकंडहँड टाकू, स्वस्तात पडेल'', ''नाहीतर त्यापेक्षा जास्त पॉवरचं बसवू, गाडी उडेल!'' मालक किंमत विचारतो, फार तर गॅरंटी विचारतो. आरसीवर काय लिहिलंय, हे सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते इंजिन निवडण्याची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. छोट्या गाडीसाठी सगळ्यात चांगलं बदली इंजिन सहसा सगळ्यात कंटाळवाणं असतं. म्हणजे तेच मॉडेल, तोच प्रकार, तेवढीच क्षमता आणि पूर्ण कागदपत्रं. हा कंटाळवाणा पर्याय आपल्याकडे अवघड का होऊन बसलाय, तेही समजून घेऊ.

आधी हे ठरवा : इंजिन खरंच बदलायचंय का?

'इंजिन गेलं' या दोन शब्दांत बऱ्याच गोष्टी येतात. हेड गॅस्किट उडालं तरी इंजिन गेलं, रिंगा झिजून गाडी ऑइल पिऊ लागली तरी इंजिन गेलं आणि ब्लॉक फुटला तरी इंजिन गेलंच. या तिन्हींचा खर्च आणि उपाय मात्र वेगवेगळे आहेत.

रिंग-पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व्ह, गॅस्किट बदलून, गरज पडल्यास सिलिंडर बोअर करून किंवा स्लीव्ह घालून आहे तेच इंजिन पुन्हा बांधता येतं. महाराष्ट्रात या कामाला तोटा नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी पिढ्यान् पिढ्या हेच काम चालत आलंय. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथेही बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग करणारी वर्कशॉप्स सापडतात.

इंजिन बांधण्याचा एक मोठा फायदा मिस्त्री क्वचितच सांगतो. इंजिन क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक तोच राहिला की क्रमांकही तोच राहतो. म्हणजे आरसी, विमा, आरटीओ यांपैकी कशालाही हात लावावा लागत नाही. आत किती सुटे भाग बदलले, याच्याशी कागदाला देणंघेणं नसतं.

त्यामुळे ब्लॉक शाबूत असेल तर पहिला कौल बांधणीलाच द्यावा. ब्लॉक तडकला, फुटला किंवा बांधणीचा खर्च हाताबाहेर जात असला तरच बदली इंजिनाचा विचार करावा. त्यातही आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नवं 'हाफ इंजिन' मिळतं का, ते विचारावं. ब्लॉक, क्रँक, पिस्टन असा खालचा भाग नवा येतो आणि आपलं हेड, टर्बो, पंप पुन्हा वापरता येतात. सेकंडहँडपेक्षा ते महाग पडतं, पण सोबत कंपनीचं बिल मिळतं. या बिलाचं मोल पुढे कळेल.

'तेच इंजिन' म्हणजे नेमकं कोणतं?

उदाहरणाला आपल्या रस्त्यांवर हमखास दिसणारी गाडी घेऊ, मारुती स्विफ्ट.

२००५ मध्ये आलेल्या स्विफ्टला १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं. २०१० मध्ये त्याच्या जागी ११९७ सीसीचं के-सिरीज इंजिन आलं. बॉनेटवरचा लोगो तोच, गाडीचा चेहराही जवळपास तोच, पण इंजिन पूर्णपणे वेगळं. म्हणून 'स्विफ्टचं इंजिन आहे, बसेल' हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या वर्षाच्या स्विफ्टचं, हा पुढचा प्रश्न विचारायलाच हवा.

डिझेलचा गुंता तर आणखी मजेशीर आहे. २००७ मध्ये स्विफ्टला फियाटच्या तंत्रज्ञानाचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन मिळालं. मूळ हेच इंजिन डिझायर, रिट्झ, एर्टिगा, सियाझ, ब्रेझामध्ये गेलं. फियाटच्या पुंटो आणि लिनियामध्ये, टाटाच्या इंडिका व्हिस्टा, मान्झा आणि झेस्टमध्ये, शेव्हर्लेच्या सेलमध्येही तेच धडधडलं. टाटाने त्याला क्वाड्राजेट म्हटलं, मारुतीने डीडीआयएस. गाडीप्रेमींनी गमतीने त्याला भारताचं 'राष्ट्रीय इंजिन' ठरवून टाकलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्याच थांबवल्या. आता या इंजिनाचा पुरवठा प्रामुख्याने जुन्या बाजारातूनच होतो.

मग व्हिस्टाचं इंजिन स्विफ्टला का बसू नये? कारण सारखेपणा पोटात आहे, वेगळेपणा अंगावर आहे. इंजिन गाडीत धरून ठेवणारी माउंटिंग, एसी कॉम्प्रेसर आणि अल्टरनेटरचे ब्रॅकेट, वायरिंगचे कपलर, कूलंटचे पाइप आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ईसीयू, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या गाडीनुसार बसवलंय. ईसीयू आणि चावीतला इमोबिलायझर यांची ओळख पटली नाही, तर यांत्रिकदृष्ट्या ठणठणीत असलेलं इंजिनही स्टार्ट होत नाही.

मारुतीच्याच दोन गाड्यांतही फरक आहे. स्विफ्टमध्ये हे इंजिन ७५ पीएसचं आहे, तर एर्टिगा आणि सियाझमध्ये व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोसह ९० पीएसचं. टर्बो वेगळा म्हणजे त्याचं नियंत्रण वेगळं, इंटरकूलरची मांडणी वेगळी, ईसीयूमधला नकाशा वेगळा. ९० पीएसचा ब्लॉक आणून त्यावर ७५ पीएसची सामग्री चढवण्याची शक्कल काही गॅरेज लढवतात. ती चालेलही, पण मग जास्तीची पॉवर कुठे राहिली? आणि सगळं सामान ९० पीएसचं घेतलं, तर 'स्वस्तात मस्त'मधला स्वस्त कुठे राहिला?

म्हणून 'तेच इंजिन' ठरवताना पाच गोष्टी जुळायला हव्यात : मॉडेल, उत्पादनाचं वर्ष, इंजिनाचा कोड, बीएस टप्पा आणि गिअरबॉक्सचा प्रकार. पाचही जुळल्या तर इंजिन उतरवून चढवायला अनुभवी मिस्त्रीला फार डोकं लावावं लागत नाही. एक हुकली की वायरिंग कापायला सुरुवात होते. कापलेल्या वायरिंगची दुखणी पुढे वर्षानुवर्षं पुरतात.

मोठं इंजिन बसवलं तर काय बिघडलं?

हा मोह नवा नाही. मारुती ८०० आणि झेनच्या काळापासून तो चालत आलाय. झेनचं ९९३ सीसीचं इंजिन आणि एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन सुझुकीच्या एकाच 'जी' कुटुंबातलं. त्यामुळे झेनच्या पोटात एस्टीमचं इंजिन घालणं हा हौशी मंडळींचा आवडता उद्योग होता. साधारण पाऊण टनाची गाडी, मूळचं इंजिन ६० हॉर्सपॉवरच्या आसपासचं आणि त्या जागी ८५ हॉर्सपॉवर. गाडी पळणार हे सांगायला इंजिनीअर लागत नाही.

पण ती थांबणार का? गाडीच्या वेगातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेलात तर वेग २५ टक्के वाढतो, पण ब्रेकने जिरवायची ऊर्जा ५६ टक्के वाढते. ब्रेकची डिस्क, ड्रम, टायरची रुंदी, सस्पेन्शन, स्टिअरिंग हे सगळं कंपनीने मूळ इंजिन गृहीत धरून ठरवलेलं असतं. इंजिन बदललं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर गाडीचं संतुलनच मोडतं.

पुढे गिअरबॉक्स येतो. जास्त टॉर्क क्लच प्लेट आणि ड्राइव्ह शाफ्टवर येतो. जड इंजिनाने पुढच्या चाकांवरचा भार वाढतो. छोट्या गाडीच्या रेडिएटरला मोठ्या इंजिनाची उष्णता झेपत नाही आणि मे महिन्यात घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकू लागतो. मग मोठा रेडिएटर, मग तो बसवायला कापाकापी, मग फॅनची वायरिंग. सुरुवातीला सांगितलेला आकडा आणि शेवटी खिशातून गेलेला आकडा यांची गाठ पडत नाही ती अशी.

हौशी लोकांचं म्हणणं मला कळतं. स्वतःच्या हाताने बांधलेल्या यंत्राचा आनंद वेगळाच असतो. पण तो आनंद बंद ट्रॅकवर घ्यायला हवा. मुंबई-पुणे महामार्गावर शेजारच्या लेनमध्ये दुचाकीवर मुलाला घेऊन निघालेलं कुटुंब त्या प्रयोगात सहभागी व्हायला तयार झालेलं नसतं.

कायदा नेमकं काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ इथे लागू होतं. उत्पादकाने मुळात दिलेला तपशील आणि नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील यांत तफावत येईल असा बदल मालकाने वाहनात करू नये, असं हे कलम सांगतं. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत आणि नियम कायद्यापेक्षा मोठे नाहीत, असा त्या निकालाचा सारांश आहे.

अपवाद आहेत, पण ते प्रामुख्याने इंधनाचे. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवता येतं. त्यासाठी किटची चाचणी, मान्यता, अधिकृत बसवणारा आणि आरसीवर नोंद अशी साखळी आहे. पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन टाकणं किंवा ९९३ सीसीच्या जागी १२९८ सीसी बसवणं या अपवादात येत नाही.

मग त्याच प्रकारचं इंजिन बदलणं? कायद्याला ही कल्पना माहीत आहे. याच कलमात दहा किंवा त्याहून अधिक व्यावसायिक वाहनं असलेल्या मालकाला त्याच बनावटीचं आणि त्याच प्रकारचं इंजिन पूर्वपरवानगीशिवाय बदलण्याची मुभा देण्याचा अधिकार राज्य सरकारला दिलेला आहे. तसा बदल केल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. एकच गाडी असलेल्या तुमच्या-आमच्यासारख्यांनी मात्र आधी आरटीओची मंजुरी घ्यायची, मग इंजिन बदलायचं, गाडी तपासणीला न्यायची आणि नवा क्रमांक चढवून घ्यायचा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची किंवा वित्त कंपनीची लेखी संमतीही लागते.

हे केलं नाही तर? २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

खरा फटका मात्र दुसरीकडे बसतो. इंजिन क्रमांक विमा पॉलिसीवरही असतो. अपघातानंतर सर्व्हेअर बॉनेट उघडतो आणि क्रमांक जुळत नाही, तेव्हा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. गाडी विकायला काढली की जाणकार ग्राहक पहिल्यांदा तोच क्रमांक पाहतो. आणि १५ वर्षं पूर्ण झाल्यावर नोंदणीचं नूतनीकरण करायला गेलात की निरीक्षक चॅसी आणि इंजिन दोन्ही क्रमांक तपासतो. वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली गोष्ट त्या एका दिवशी उघडी पडते.

जुनं इंजिन येतं तरी कुठून?

मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट. जुन्या सुट्या भागांचे हे बाजार देशभर प्रसिद्ध आहेत. अपघातात सापडलेल्या, विमा कंपनीने 'टोटल लॉस' ठरवलेल्या किंवा आयुष्य संपलेल्या गाड्या इथे सुट्या होतात. या बाजारातला मोठा वर्ग प्रामाणिक धंदा करतो आणि तो नसता तर मध्यमवर्गाच्या कित्येक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या असत्या.

पण याच साखळीत चोरीच्या गाड्याही घुसतात. उत्तर प्रदेशातील मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या काही तासांत सुट्या करण्यासाठी कुप्रसिद्ध होता. २०२१ च्या डिसेंबरमध्ये पोलिसांच्या कारवाईनंतर तो बंद पडला. चोरीची अख्खी गाडी विकणं अवघड असतं, पण तिचं इंजिन तुमच्या गाडीत बसलं की ती चोरी पचून जाते. क्रमांक घासलेलं इंजिन स्वस्त का मिळतं, याचं उत्तर यात आहे.

'मला काय माहीत?' हा बचाव प्रत्येक वेळी पुरेल असं नाही. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला सबळ कारण असूनही तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. घासलेला क्रमांक, बिल नाही आणि बाजारभावाच्या निम्मी किंमत, एवढं सगळं समोर असताना शंका आलीच नाही, हे पोलिसांना पटवणं सोपं नाही.

खात्री करून घ्यायला साधनं आहेत. ज्या गाडीतून इंजिन काढलंय तिचा नोंदणी क्रमांक मागा आणि एम-परिवहन ॲपवर मॉडेल, वर्ष, इंधन पडताळा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सुविधेत नोंदणी, चॅसी किंवा इंजिन क्रमांक टाकून गाडी चोरीच्या यादीत आहे का, ते पाहता येतं. फोनवर पाच मिनिटांचं काम आहे. दुकानदार मूळ गाडीचा क्रमांकच द्यायला तयार नसेल, तर तुमचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं.

पैशांचा हिशेब कसा मांडायचा?

इंजिनाची किंमत हा खर्चाचा फक्त पहिला आकडा आहे. उतरवणं-चढवणं, नवी क्लच प्लेट, ऑइल, कूलंट, फिल्टर, पाइप, माउंटिंगचे रबर, डिझेल असेल तर इंजेक्टर आणि टर्बोची तपासणी, आरटीओचे शुल्क आणि गाडी उभी राहिलेल्या दिवसांचा रिक्षा-टॅक्सीचा खर्च, हे सगळं त्यात धरा.

निव्वळ समजण्यासाठी एक उदाहरण. समजा, तुमची डिझेल गाडी १२ वर्षांची आहे आणि चालू स्थितीत तिला अडीच लाख रुपये मिळतील. जुन्या इंजिनाचा सगळा खर्च ९० हजार होतो आणि आपलंच इंजिन बांधण्याचा सव्वा लाख. फरक ३५ हजारांचा दिसतो. पण जुनं इंजिन किती चाललंय, याचा भरवसा नाही. बांधलेल्या इंजिनात कोणता भाग नवा आहे, हे तुम्हाला माहीत आहे. शिवाय क्रमांक बदलत नाही. नोंदणीची तीन वर्षं उरलीत असं धरलं, तर ३५ हजारांचा फरक महिन्याला हजार रुपयांच्याही आत येतो. एवढ्या पैशांत मनःशांती मिळत असेल तर मी बांधणीचा पर्याय घेईन.

दिल्ली-एनसीआरसारखी दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवरची मर्यादा महाराष्ट्रात नाही, त्यामुळे १५ वर्षांनंतर नूतनीकरण करून गाडी पुढे पाच वर्षं वापरता येते. मात्र १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालंय आणि महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना पर्यावरण करही आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर जात असेल आणि पत्राही गंजला असेल, तर भावना बाजूला ठेवून गाडीला निरोप देणं शहाणपणाचं ठरतं.

प्रामाणिक माणसालाच त्रास का?

इथवर सगळा उपदेश ग्राहकाला झाला. पण दोष एकट्या ग्राहकाचा नाही.

सरळ मार्गाने जायचं ठरवलेल्या माणसाचा प्रवास पाहा. सेकंडहँड इंजिनाचं पक्कं बिल मिळवायला तो दुकानदाराच्या मागे लागतो. मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा मागितला, तर दुकानदाराकडे तो नसतो. कारण गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवावं, हे कलम ५५ मधलं बंधन पाळायची सवयच आपल्याला नाही. कागद अपुरे म्हणून अर्ज अडकतो, गाडी गॅरेजमध्ये उभी राहते. शेवटी कुणीतरी कानात सांगतं, ''गुपचूप बसवून टाका, कोण बघतंय?'' नियम पाळणाऱ्याचे आठवडे जातात आणि न पाळणाऱ्याची गाडी चौथ्या दिवशी रस्त्यावर येते. अशी व्यवस्था लोकांना नियम मोडायला शिकवते.

दुसरीकडे काय होतं? ब्रिटनमध्ये इंजिन बदललं की मालकाने वाहन नोंदणी करणाऱ्या डीव्हीएलए या यंत्रणेला नवा क्रमांक कळवायचा असतो आणि सोबत इंजिनाची पावती किंवा तसा पुरावा जोडायचा असतो. अमेरिकेत प्रदूषणाच्या बाबतीत सर्वांत कडक मानल्या जाणाऱ्या कॅलिफोर्नियात तर वेगळं इंजिन बसवायलाही वाट आहे. अट अशी, की इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्याहून नवं हवं, गाडीच्या वर्गाशी जुळणारं हवं आणि त्याची प्रदूषण नियंत्रणाची सगळी मूळ सामग्री जागेवर हवी. सरकारने नेमलेला रेफ्री गाडी तपासतो आणि सगळं ठीक असेल तर तसं लेबल लावतो. मुभा आहे, पण तपासणीशिवाय नाही.

आपल्याला लगेच कॅलिफोर्निया व्हायची गरज नाही. मोठं इंजिन बसवायची वाट उघडा, असं माझं म्हणणं नाही. मागणी त्याहून लहान आहे. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं आणि त्याच किंवा पुढच्या बीएस टप्प्याचं इंजिन बसवणाऱ्या खासगी मालकासाठी एक सोपी, ऑनलाइन, ठरावीक मुदतीची प्रक्रिया हवी. कोणते कागद लागतील याची यादी प्रत्येक आरटीओत एकच असावी. दहा ट्रक असलेल्याला जी सवलत देता येऊ शकते, ती एका स्विफ्टच्या मालकाला आधी नाही तर निदान वेळेत तरी मिळावी.

दुसरी मागणी इंजिनाच्या जन्मकुंडलीची. २०२१ च्या नियमांनी नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रं आली. तिथे गाडी जमा झाली की मालकाला ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि तिची नोंद 'वाहन' प्रणालीत होते. याच केंद्रांतून निघणाऱ्या चांगल्या इंजिनांना क्रमांकासह डिजिटल दाखला दिला, तर खरेदीदाराला क्यूआर कोड स्कॅन करून इंजिनाचा इतिहास पाहता येईल आणि आरटीओला त्याच दाखल्यावर नोंद करता येईल. चोरीच्या इंजिनाला असा दाखला मिळणार नाही आणि दाखल्याशिवाय त्याला ग्राहकही मिळणार नाही. बाजारावर छापे घालण्यापेक्षा बाजाराला सरळ वाट दाखवणं केव्हाही स्वस्त.

'यामुळे जुन्या, धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावर राहतील' हा आक्षेप येईल. तो चुकीचा नाही. पण आज त्या गाड्या तशाही राहतातच, फक्त नोंदीबाहेर. नोंद झाली की पीयूसी, तपासणी आणि टप्प्याची अट लावता येते. शिवाय एका इंजिनासाठी अख्खी गाडी भंगारात काढून नवी घ्यायची, तर ती बनवताना लागणारं पोलाद, ॲल्युमिनियम आणि ऊर्जा यांचा हिशेबही पर्यावरणाच्याच खात्यात धरायला हवा.

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी

नियम बदलतील तेव्हा बदलतील. तोवर एवढं लक्षात ठेवा :

- ब्लॉक शाबूत असेल तर आहे तेच इंजिन बांधण्याचा अंदाजपत्रकी खर्च लेखी घ्या.
- पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका. अशा नुकसानीचा दावा साध्या पॉलिसीत बहुतेकदा नाकारला जातो, त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्शन'ची जोड घ्यावी लागते.
- बदली इंजिनात मॉडेल, वर्ष, कोड, बीएस टप्पा आणि गिअरबॉक्स या पाचही गोष्टी जुळवा.
- जुनं इंजिन घेण्यापूर्वी कॉम्प्रेशन तपासून घ्या. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली, तर ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची शक्यता असते. टर्बोचा शाफ्ट हलत असेल तर किंमत पुन्हा ठरवा.
- क्रमांक घासलेला, खरवडलेला किंवा नव्याने ठोकलेला वाटला तर इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नका.
- पक्कं बिल, त्यावर इंजिन क्रमांक आणि मूळ गाडीचा तपशील घ्या.
- आरटीओची मंजुरी आधी, काम नंतर. आरसीवर नोंद झाली की विमा कंपनीलाही लेखी कळवा.
- कामाआधी आणि कामानंतर दोन्ही क्रमांकांचे फोटो काढून ठेवा.

मिस्त्री अजूनही म्हणत असेल, ''कागदाचं टेन्शन घेऊ नका, मी बसवून देतो,'' तर त्याला एकच विचारा : पुढे आरटीओत, विमा कंपनीत किंवा पोलीस ठाण्यात बोलावणं आलं, तर माझ्यासोबत येणार का? तो 'हो' म्हणाला तर त्याचं नावही बिलावर लिहून घ्या.